वाचकांचे प्रश्न : मामांच्या दुकानासाठी कोणता संगणक घ्यावा?

प्रश्न : माझ्या मामांचे तासगावात गेली सव्वीस वर्षे कृषी सेवा केंद्र आहे. दुकानातला संगणक २०१३ साली घेतलेला असून त्यावर विंडोज ७ आणि हिशेबाची टॅली ही प्रणाली चालते. दिवाळीपासून तो सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटे घेतो आणि बिल छापता छापता मध्येच बंद पडतो. 'तू पुण्यात दिवसभर संगणकावरच असतेस, तूच सांग काय घ्यायचे ते,' असे मामांनी मला सांगितले आहे. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते आणि वापरण्यापलीकडचे मला फारसे कळत नाही. गावातल्या एका विक्रेत्याने 'आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी' असा असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला, संगणक मॉनिटरशिवाय १७,५०० रुपयांना देऊ केला आहे. सांगलीच्या एका दुकानात कंपनीचा 'आय-३, ८ जीबी, ५१२ जीबी' संगणक मॉनिटरसह ४६,००० रुपयांना मिळतो. मामा विचारतात, आय-५ हा आय-३ पेक्षा वरचा आणि रॅमही दुप्पट, तर मग जास्त पैसे कशासाठी मोजायचे? मामेभाऊ म्हणतो की सरळ लॅपटॉप घ्या. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चांगला चालतो, तो मामांना सोडायचा नाही. 'एकदा घेतला की सात-आठ वर्षे बघायला लागू नये,' एवढीच त्यांची अट आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मामांची शंका अगदी रास्त आहे. तिचे निरसन व्हायचे तर गावातल्या विक्रेत्याने कागदावर न लिहिलेला एक आकडा त्याच्याकडून आधी लिहून घ्यायला हवा. 'आय-५' हे मालिकेचे नाव झाले आणि ते पंधरा वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. प्रोसेसर नेमका कोणत्या पिढीचा, हे त्यापुढच्या आकड्यावरून कळते. 'आय-५ ३४७०' असे लिहिले असेल तर पहिला ३ तिसरी पिढी दाखवतो आणि तो प्रोसेसर २०१२ सालचा असतो. 'आय-३ १२१००' असे असेल तर पहिले दोन आकडे बारावी पिढी सांगतात आणि तो २०२२ सालचा असतो. या दोहोंत नावाने धाकटा असलेला आय-३ एका वेळच्या एका कामात थोरल्या आय-५ पेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने चालतो. जुन्या कार्यालयांतून निघालेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर, त्यांच्यासाठी अलीकडे तयार केलेले स्वस्त मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य फलक) आणि वरून चकचकीत नवे कॅबिनेट, अशी जोडणी 'नवा आय-५' म्हणून बाजारात सर्रास विकली जाते. पाहिला नसताना कोणत्याही यंत्राबद्दल ठाम बोलू नये. पण १७,५०० रुपयांत आजचा आय-५, त्याला साजेसा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि परवान्याची विंडोज हे सगळे बसत नाही, त्यामुळे पूर्ण क्रमांक पाहिल्याशिवाय मामांनी एक रुपयाही आगाऊ देऊ नये. नव्या काही प्रोसेसरांच्या नावांतून इंटेलने 'आय' काढून टाकले आहे आणि एएमडीच्या रायझनची क्रमांकपद्धती आणखी निराळी आहे. म्हणून कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि तो बाजारात आल्याचे वर्ष, या दोन्ही गोष्टी लिहून मागाव्यात.

वेग थोडा कमी असला तरी टॅलीला चालून जाईल, असे कोणी म्हणेल, आणि नुसत्या टॅलीपुरते ते खरेही आहे. अडचण विंडोजची आहे. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची अद्यतने, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आज घेतलेल्या यंत्रावर विंडोज ११ असणे भाग आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आवश्यक ठरवली आहे. तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर ती आडवाटेने बसवून देणारे आहेत. पण अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावरून जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि बँकेचे खाते उघडले जाते, तिथे हा धोका मी स्वतःच्या घरच्यांना पत्करू देणार नाही.

आता मामांच्या कामाला काय पुरेसे आहे ते पाहू. त्यांच्या एका बिलावर करमुक्त बियाणे, ५ टक्क्यांचे खत आणि १८ टक्क्यांचे कीटकनाशक असे सगळे एकत्र येत असणार, शिवाय कीटकनाशकांचे बॅच क्रमांक आणि वापराची मुदत सांभाळावी लागते. तरीही संगणकाच्या दृष्टीने हे ओझे हलकेच आहे. बाराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा आय-३ त्याला पुरून उरतो. रॅम ८ जीबी चालेल, फक्त मदरबोर्डवर दुसरी खाच रिकामी आहे ना, हे विचारून घ्यावे, म्हणजे तीन-चार वर्षांनी आणखी ८ जीबी सहज बसवता येईल. ज्यात हात आखडू नये अशी वस्तू म्हणजे एसएसडी, म्हणजेच फिरती तबकडी नसलेली डिस्क. जुना संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे घेतो, त्याचे मुख्य कारण बहुधा फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क हेच असणार. नावाजलेल्या कंपनीची ५१२ जीबी एसएसडी मामांच्या हिशेबांना अनेक वर्षे पुरेल. नाव न ऐकलेली एसएसडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण ती बंद पडते तेव्हा सहसा पूर्वसूचना न देताच पडते आणि तिच्यातून माहिती परत काढणे हार्डडिस्कपेक्षा अवघड जाते.

'सात-आठ वर्षे बघायला लागू नये' ही मामांची इच्छा मला मनापासून समजते, कारण माझे मेहुणेही हेच म्हणत असत. त्यांचे बार्शीला कापडाचे दुकान आहे. संगणक चांगला होता, सहा वर्षे बिनतक्रार चालला, आणि लग्नसराईच्या ऐन भरात एका सकाळी त्याची हार्डडिस्क गेली. बॅकअप रोज घेतला जात होता, पण तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे ज्याला आपण 'डी ड्राइव्ह' म्हणतो तिथे ठेवला जात होता. दोन हंगामांची उधारी आम्ही बिलांच्या कार्बनप्रतींवरून पुन्हा उतरवून काढली. घरातली सहा माणसे सतरा दिवस रात्री जेवणानंतर बसत होती, आणि तरीही काही रकमा कायमच्या बुडाल्या, कारण त्या प्रतींवरची अक्षरे वाचता येत नव्हती. तेव्हापासून कोणी मला टिकाऊ संगणक विचारला की मी उलट विचारतो, 'ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी तुमचे दुकान किती तासांत पुन्हा बिल फाडू लागेल?' मामांच्या बाबतीत तो दिवस मृग लागतानाचा किंवा द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचा असला, म्हणजे दारात गाड्या उभ्या आहेत आणि वेलींवर दावण्या रोग पसरतोय म्हणून शेतकरी घाईला आलेत, तर या प्रश्नाचे महत्त्व तुमच्या लक्षात येईल.

या कसोटीवर कंपनीचा संगणक आणि असेंबल्ड संगणक यांची तुलना वेगळी दिसू लागते. चांगल्या सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकातले एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, रॅम हे ठरावीक मापाचे असतात; त्यातले काही बिघडले तर तासगावातला कारागीर ते त्याच दिवशी बदलू शकतो. कंपनीच्या अनेक संगणकांत मात्र एसएमपीएस वेगळ्या आकाराचा आणि त्याची जोडणी वेगळ्या पिनांची असते, त्यामुळे स्थानिक कारागिराकडे त्याचा भाग नसतो आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. याच्या उलट बाजूला, कंपनीच्या संगणकाचे सगळे भाग एकमेकांशी जुळवून तपासलेले असतात, विंडोज परवान्याची असते, आणि एकच कंपनी सगळ्याला जबाबदार असते. असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी निराळ्या कंपनीची असते, आणि विक्रेत्याने दुकान बंद केले तर त्या हमीच्या मागे तुम्हालाच धावावे लागते. माझा कौल मामांसाठी कंपनीच्या संगणकाला आहे, पण दोन अटींवर. पहिली अशी की तो घरगुती मालिकेतला नसून व्यावसायिक मालिकेतला असावा : लेनोवोची थिंकसेंटर, एचपीची प्रोडेस्क, एसरची व्हेरिटॉन, डेलची पूर्वीची ऑप्टिप्लेक्स आणि २०२५ पासूनची डेल प्रो, अशी त्यांची नावे आहेत. दुसरी अट अशी की तीन वर्षांची जागेवर येऊन दुरुस्तीची हमी, म्हणजे ऑनसाइट वॉरंटी, घेतलीच पाहिजे. एका वर्षाची हमी आधी मिळत असेल तर ती वाढवण्यासाठी लागणारे पैसे आय-३ चा आय-५ करण्यापेक्षा कितीतरी अधिक कामाला येतात. सांगलीच्या दुकानदाराला फक्त 'ऑनसाइट आहे का' असे विचारू नका. तासगावचा पिनकोड देऊन तिथे इंजिनीअर येतो का, आणि साधारण किती दिवसांत येतो, ते विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मात्र माझा सल्ला बदलेल : मग गावातल्याच भरवशाच्या कारागिराकडून, प्रत्येक भागाचे नाव आणि क्रमांक बिलावर लिहून घेऊन, असेंबल्ड संगणक करून घ्यावा, आणि त्यात एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट येणारा न घेता '८० प्लस', म्हणजे वीज कमी वाया घालवणारा म्हणून प्रमाणित, असा वेगळा विकत घ्यावा.

लॅपटॉपचा विचार मी करणार नाही. त्याची बॅटरी ही सोय खरी आहे, परंतु दुकानात तो कायम एकाच जागी राहणार, कळफलकावर दुकानात विकल्या जाणाऱ्या गंधकाची भुकटी पडणार आणि एखादी कळ बिघडली तरी दुरुस्ती महागात जाणार. बॅटरीचे काम यूपीएस करतो आणि तो मामांना घ्यावाच लागेल. ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (विजेचा दाब कमी-जास्त झाला तर सावरून घेणारा) यूपीएस एका संगणकाला आणि मॉनिटरला नव्या बॅटरीवर साधारण पंधरा-वीस मिनिटे देतो, म्हणजे चालू बिल पूर्ण करून संगणक रीतसर बंद करायला तो पुरेसा होतो. त्यातली १२ व्होल्टची छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. ती बदलली की यूपीएस पुन्हा नव्यासारखा काम देतो, पण पुष्कळ दुकानदार यूपीएसच बिघडला असे समजून तो अडगळीत टाकतात आणि संगणक थेट भिंतीच्या प्लगला लावतात. दुकानात लेझर प्रिंटर असेल तर तो या यूपीएसवर कधीही लावू नये, कारण तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो.

त्याआधी एक काम मामांच्या वायरमनकडून करून घ्या. प्लगमधल्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मल्टीमीटरवर मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त भरला, किंवा फेज आणि अर्थ यांच्यातला दाब २३० च्या जवळपास न येता भलताच निघाला, तर अर्थिंग बिघडलेले किंवा नसलेलेच आहे. जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांत तिसरी पिन नुसतीच शोभेला असते, आणि 'एसएमपीएस सारखा जळतो' या तक्रारीचे मूळ अनेकदा तिथे सापडते. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की संगणकाचा प्लग काढून ठेवावा; इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर तीही काढावी, काचेच्या तंतूची म्हणजे फायबरची जोडणी असेल तर त्या तंतूवाटे विजेचा धोका येत नाही, परंतु फायबरच्या डबीचा स्वतःचा अडॅप्टर मात्र काढायला हवा.

कृषी सेवा केंद्राचा आणखी एक शत्रू आहे, आणि कापडाच्या किंवा किराणा दुकानाला तो माहीत नसतो. द्राक्षाच्या पट्ट्यात भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक भरपूर विकले जाते. गंधकाची भुकटी आणि तिच्यातून निघणारी वाफ तांब्याला आणि चांदीला खाते, आणि मदरबोर्डवरचे मार्ग व रॅमच्या संपर्कबिंदूंखालचा थर तांब्याचाच असतो. रासायनिक खतांची धूळ हवेतला ओलावा ओढून घेते आणि मग ती ओलसर खारट धूळ पंख्याच्या वाटेने आत जाऊन बसते. म्हणून संगणक पोत्यांच्या थप्पीजवळ किंवा जमिनीवर मुळीच ठेवू नका. तो गल्ल्याच्या टेबलावर, गंधक आणि खते यांपासून दूर, भिंतीला पाठ न टेकवता हाताच्या वितीएवढे अंतर सोडून ठेवा. दर तीन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढावी, आणि त्या वेळी आतला पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो वाऱ्याने भरमसाट वेगात फिरून बिघडणार नाही. रात्री दुकान बंद करताना संगणकावर प्लास्टिकचे आच्छादन घालायचे असेल तर तो पूर्ण थंड झाल्यावरच घालावे. मामांच्या जुन्या यंत्राने या हवेत बारा वर्षे काढली, याचे श्रेय मी ते यंत्र आणि मामांची निगा या दोघांनाही देईन.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मामांनी सोडू नये, त्यांचे बरोबर आहे. मालाच्या जीएसटी बिलाच्या तीन प्रती नियमात सांगितलेल्या आहेत, ग्राहकासाठी, वाहतूकदारासाठी आणि स्वतःसाठी, आणि कार्बन लावून त्या एका दमात काढणारे यंत्र आजही तेच आहे. थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, आणि उधारीचे बिल तर द्राक्षाचे किंवा बेदाण्याचे पैसे येईपर्यंत वाचता आले पाहिजे. जुना प्रिंटर रुंद, पंचवीस पिनांच्या पॅरलल केबलचा असेल तर नव्या संगणकावर तशी जागा बहुधा नसेल. प्रिंटरच्या मागे यूएसबीची चौकोनी खाचही आहे का, ते आधी पाहा. नसेल तर पॅरलल-टू-यूएसबी केबल मिळते, पण संगणकाचे पैसे देण्यापूर्वी ती केबल आणि प्रिंटर दुकानात नेऊन टॅलीचे एक बिल प्रत्यक्ष छापून पाहणे इष्ट.

खरेदीचे बिल मामांच्या फर्मच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्या, तुमच्या नावाने नको. ४६,००० रुपयांत १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ७,००० रुपये कर आहे. फर्म नियमित नोंदणीची असेल तर त्याचे क्रेडिट मिळू शकते, म्हणजे तो कर विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. बियाणे करमुक्त असल्यामुळे त्या विक्रीच्या प्रमाणात काही भाग सोडावा लागतो, तो हिशेब त्यांचे कर सल्लागार करतील. फर्म लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर हे क्रेडिट मिळत नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो, मात्र ज्या कराचे क्रेडिट घेतले त्या रकमेवर पुन्हा घसारा धरता येत नाही.

संगणक दुकानात आल्यावर सगळे एकदम उत्साहात असतात, आणि त्याच गडबडीत पुढची चूक होते. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते आणि भाचा-भाची पटकन स्वतःचे खाते टाकून मोकळे होतात. अनेक नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जपली जाते. म्हणून खाते मामांच्याच ईमेलने, त्यांच्याच फोन नंबरवर उघडा आणि ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. तसेच टॅलीचा परवाना कोणत्या ईमेलवर नोंदलेला आहे ते जुने यंत्र चालू आहे तोवर पाहून घ्या. तो ईमेल पूर्वीच्या हिशेबनिसाचा किंवा कधीकाळच्या विक्रेत्याचा निघणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि परवाना नव्या यंत्रावर नेण्याची वेळ आली की किल्ली त्याच पत्त्यावर जाते. परवाना जुन्या यंत्रावरून रीतसर सोडून मगच नव्यावर चालू करा.

बॅकअपसाठी दोन बाहेरच्या हार्डडिस्क घ्या. एक आठवडा एक, पुढचा आठवडा दुसरी, आणि जी वापरात नसेल ती मामांच्या घरी. दोन्ही एकाच वेळी दुकानात नकोत. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवेत, आणि तोपर्यंत एखादा संगणक बदललेलाही असेल. दर सहा महिन्यांनी त्या डिस्कवरचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या शेतकऱ्याचे खाते तपासा. बार्शीला आम्ही हे कधीच केले नव्हते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ देवरुखला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान सुरू करतो आहे. वीस हजारांच्या वर तो जाऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, पुन्हा तपासून विकलेले संगणक मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात असे ऐकले. ते घ्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घ्यावेत, आणि तुमच्या भावाच्या पैशांत बसणारा तोच सर्वांत प्रामाणिक पर्याय मला वाटतो. मोठी कार्यालये साधारण तीन ते पाच वर्षांनी आपले संगणक एकगठ्ठा काढून टाकतात; ते वातानुकूलित खोलीत, चांगल्या विजेवर चाललेले असतात आणि बहुतेक व्यावसायिक मालिकेतलेच असतात. अशा यंत्रात आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा आय-५ मिळाला तर अर्ज भरणे, स्कॅन करणे, फोटो कापणे ही सगळी कामे आरामात होतील. आठवीच्या खालचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी नको. कारण तेच, विंडोज ११.

विकत घेताना यंत्र स्वतः चालू करून पाहा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' येथे गेल्यास प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि रॅम दिसते. बाहेरच्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नये. 'ॲक्टिव्हेशन' या सदरात विंडोज सक्रिय असल्याचे दिसावे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रणालीने डिस्क किती तास चालली आहे आणि तिची प्रकृती कशी आहे ते कळते. मी तर जुनी डिस्क काढायलाच लावीन आणि नवी एसएसडी माझ्या समोर बसवून घेईन. कॅबिनेटच्या आकाराकडेही लक्ष द्या. कार्यालयांतली अनेक यंत्रे पुस्तकाएवढी छोटी असतात आणि त्यांचे भाग कोकणात पटकन मिळत नाहीत; तुमचा भाऊ नवखा असल्याने त्याला उभ्या, मोठ्या कॅबिनेटचे यंत्र सोयीचे पडेल. लेखी बिल आणि किमान सहा महिन्यांची हमी न देणाऱ्याकडून घेऊ नका, आणि बिघडल्यास यंत्र मुंबईला पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे बिलावरच लिहून घ्या.

देवरुखच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेले यंत्र चालत्या यंत्राच्या आधी बिघडते. जून ते सप्टेंबर दुकान बंद असेल त्या दिवशीही संगणक तासभर सुरू ठेवावा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उबेने आतला दमटपणा जातो. वाचलेल्या पैशांतून यूपीएस आधी घ्या, रंगीत प्रिंटर नंतर.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. कोल्हापूरला काकांची लहान छपाईची प्रेस आहे. इथे सवलतीत चांगला डेस्कटॉप मिळतो आहे. पुढच्या महिन्यात भारतात येताना तो त्यांच्यासाठी घेऊन यावा असे मनात आहे. आपले मत कळवावे.
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : आणू नये. तिथली वीज १२० व्होल्टची, इथली २३० व्होल्टची. पुष्कळ एसएमपीएस दोन्हींवर चालतात, परंतु काहींच्या पाठीमागे लाल खटका असतो, आणि तो ११५ वर राहून गेला तर पहिल्याच दिवशी धूर निघतो. डेस्कटॉपची हमी बहुधा खरेदीच्या देशापुरती असते. विमानाच्या सामानातून आलेल्या यंत्रात काही सैल झाले तर काकांनी कोणाकडे जायचे? शिवाय तिथले बिल काकांच्या फर्मला करासाठी उपयोगी पडत नाही.

तेच पैसे काकांना पाठवा आणि यंत्र कोल्हापुरातच, फर्मच्या नावाने घ्यायला सांगा. प्रेसचे काम असल्याने इथे १६ जीबी रॅम आवश्यक समजावी, आणि मॉनिटरवर काटकसर करू नये : आयपीएस पडद्याचा, किमान २४ इंचांचा घ्यावा, म्हणजे बाजूने पाहतानाही रंग बदललेले दिसत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टची प्रणाली डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीवर, चालत असेल तर तो डोंगल विंडोज ११ वर चालतो का, हे ती विकणाऱ्या कंपनीला आधी विचारून घ्यावे. काकांची वर्षानुवर्षांची लग्नपत्रिकांची जुळणी त्याच फॉन्टमध्ये असणार, आणि तो उघडला नाही तर नवा संगणक त्यांच्या कामाचा राहणार नाही. होकार लेखी मिळेपर्यंत जुने यंत्र भंगारात देऊ नका.